मुंबईचा रोजचा पाहुणा

तोंडवलीच्या रुक्मिणीकाकींना दोन खोल्यांच्या निवास-न्याहारीचा भारी अभिमान. पाहुण्याने पहिला घास घेतला की त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या राहतील. तो "वा" म्हणेपर्यंत हलायच्या नाहीत. त्यामुळे लाजरी माणसं उपाशी उठतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगून ऐकतील तर त्या रुक्मिणीकाकी कसल्या!

निवासाची वेबसाईट केली ती त्यांच्या पुतणीने, रश्मीने. रश्मी जवळच्या कट्टा गावात राहते आणि आसपासच्या अशा घरगुती निवासांची कामं करते. साईटवर खोल्या आहेत, थाळी आहे आणि 'आमचां घर' नावाचं एक पान आहे. त्यावर काकी, गंगारामकाका आणि त्यांचा मुलगा देवेश होडीला टेकून हसतायत.

हाच फोटो पूर्वी ओटीवर टांगलेला होता. देवेशने होडी सोडून मुंबईची नोकरी धरली, तेव्हा काका त्याला म्हणाले, "गेलंस तर परत येव नको," आणि फोटो उतरवून माळ्यावर टाकला. देवेश आईला फोन करतो, पण "बाबांनी बोलवूंदेत, मगे येतंय" यापुढे त्याची गाडी सरकत नाही. काका म्हणतात, "तेका वाटलां तर येयत. मी कित्याक बोलवू?" खाण तशी माती. मधल्यामध्ये आईचा जीव कुरतडला जात होता.

श्रावण तोंडावर आला. पर्यटक नाहीत, खोल्या रिकाम्या. अशा निवांत दिवसांत एका संध्याकाळी रश्मी आली ती एक विषय घेऊनच. साईटवर कोण येतं, काय बघतं याची मोजदाद ठेवणारं ॲनालिटिक्स तिला बदलायचं होतं. ओटीवर लॅपटॉप उघडून तिने समजावलं. जुनं टूल सगळं सांगतं. माणूस कुठल्या गावचा, फोन कुठला, किती वेळ रेंगाळला. पण त्याच्या ओझ्याने साईट हळू उघडते आणि वर आधी परवानगी मागते, तेवढ्यात कंटाळून पाहुणा पळतो. नवं टूल माणसाच्या मागे लागत नाही. किती जण आले, कुठल्या पानावर गेले, एवढंच सांगतं, आणि साईट पटकन उघडते. तुलनेसाठी तिने दोन्ही चालू ठेवली होती.

"मगे काकी, जुना काढूया?"

"नको गो." काकी अशा दचकून म्हणाल्या की रश्मी बघतच राहिली. "माका गाव कळाक व्हयो."

"कित्याक?"

काकींनी आधी अंगणाकडे बघितलं, मग आवाज खाली केला. "रोज सांजेक मुंबईसून एक जण येता. थाळी बघणा नाय, खोली बघणा नाय. नुसता 'आमचां घर' उघडून बसता. तो देवेश आसा गो. तेका घराची आठवण येता. मी तेका इचारूक जावचंय नाय, लाजान बघूचा बंद करीत."

फोनवर रोज दिसणाऱ्या त्या एका ओळीवर काकी पावसाळा काढत होत्या. मुंबई म्हणजे तर प्रत्येक घराची दुसरी खोलीच. तिथून आपलाच माणूस डोकावणार, यात शंका घेण्यासारखं काय होतं?

रश्मीला मात्र शंका आली. तिने स्वतःच्या फोनवर साईट उघडली. लॅपटॉपवर लगेच आलं: आत्ता एक जण, मुंबई.

"इलो!" काकी म्हणाल्या.

"तो नाय काकी, मीच ती." रश्मीला सांगताना वाईट वाटलं. "आपल्या मोबाईलचा नेट मुंबईसून फिरान येता. म्हणान तोंडवलीतलो माणूसय हेका मुंबईचो वाटता."

काकींचा चेहरा खर्रकन उतरला. पदराचं टोक त्यांनी बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. म्हणजे तो देवेश नसेलही. आपणच आपल्या कोपराला गूळ लावत बसलो होतो.

रश्मीने साईट बंद केली, फोन खाली ठेवला. आकडा शून्यावर आला आणि थोड्या वेळाने पुन्हा एकावर गेला. मुंबई. 'आमचां घर'.

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. काकींचा फोन आत चार्जिंगला होता. घरात पाहुणा नव्हता. काकी उठल्या आणि अंगणापलीकडे होडीवर घातलेल्या झावळ्यांच्या खोपीकडे गेल्या.

खोपीत गंगारामकाका घराकडे पाठ करून बसले होते. फोन नाकाजवळ धरलेला. दोन बोटांनी ते फोटो मोठा करत होते. त्यात काका नव्हते, काकी नव्हत्या, होडीसुद्धा नव्हती. नुसता देवेशचा चेहरा. काकी मागे उभ्या राहिल्या आणि त्यांना रडू आवरेना. त्या माणसावरचा इतक्या दिवसांचा राग उतरला आणि त्याची फार दया आली.

हुंदका ऐकून काका दचकले. फोन मांडीखाली. "बांगड्याचो भाव बघी होतंय."

"होय, दिसलो माका बांगडो," काकी म्हणाल्या. त्या घरात गेल्या, फोन लावूनच परत आल्या. "देवेशा, तुझो बापूस तुका बोलवता."

"मी खंय बोलवलंय?" काका ओरडले.

"रोज सांजेक बोलवतास. आता तोंडान बोलवा." त्यांनी फोन काकांच्या कानाला लावला आणि हात काढलाच नाही.

काकांनी होडीकडे बघितलं. मग खाकरले. "होडयेक रंग मारूचो आसा रे. एकट्याक जमणा नाय."

 पलीकडून देवेश म्हणाला, "शनिवारी येतंय, बाबा."

रश्मीने नवं टूल ठेवलं. पुढच्या आठवड्यात तिने कट्ट्याहून काळजीने फोन केला. बाकी सगळं ठीक होतं, साईट झरझर उघडत होती, पण 'आमचां घर' संध्याकाळी कोणीच उघडत नव्हतं. फोटो बदलून बघूया का?

काकींनी खिडकीतून बघितलं. खोपीत बाप-लेक रंगावरून भांडत होते. एकाला निळा पट्टा हवा होता, दुसऱ्याला लाल.

"रवांदे गो," काकी म्हणाल्या. "तो बघणारो आता झिलाक समोर बसवून शिव्या घालता."