कमरेएवढ्या उंचीवरून

सहा वर्षं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. परवा एका माणसाला सांगितलं. आईला, नवऱ्याला अजून नाही. आता तुम्हाला सांगतेय — अडखळत का होईना.

मी परभणीची. चित्रं काढते. बियाण्यांच्या पिशव्या, साबणाची वेष्टनं — दुकानात लटकणारं सगळं भिंतीएवढं करून भडक रंगात रंगवते. पॉप आर्ट म्हणतात त्याला. जोडीला लहान फिल्म करते, गोष्ट नसलेल्या. फिल्मच्या चौकटी कागदावर छापायच्या, त्यांवर गुलाबी-पिवळा ब्रश फिरवायचा, पुन्हा एकेकीचा फोटो काढून जोडायच्या.

त्यातल्या एकीनं माझं नाव झालं. कॅमेरा कापसाच्या ओळीतून जातो, कमरेएवढ्या उंचीवरून, झुलत. बोंडं अंगावर येतात. मध्येच एक हात येतो, वेचतो, जातो. बस्स. पुण्यात फिल्म दाखवली तेव्हा एकानं विचारलं, ही उंची कशी सुचली? मी म्हणाले, वाकून काम करणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिल्यात. त्यांच्या नजरेनं बघायचं ठरवलं. टाळ्या पडल्या.

कुणाची नजर? आणि ठरवलं कुणी?

ती फिल्म पेडगावच्या कमलमावशीनं काढली होती. आईची धाकटी बहीण, कापूस वेचायला जाते. मी बांधावर कॅमेरा घेऊन चित्रण करत बसले होते, तर ती म्हणाली, मी काढून बघू का. मी बटण दाखवलं. वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओटी बांधतात — तिनं कॅमेरा त्या ओटीत खोचला आणि वेचत निघाली. रंग माझे. बाकी सगळं तिचं.

पण खरं वाईट पुढंच आहे. मावसभावानं तिला ती फिल्म फोनवर दाखवली. ती मला हळूच म्हणाली, माझ्यावानी चालायलंय गं हे. आणि मी — तिच्या तोंडावर — नाही म्हणाले. हे मी नंतर वेगळं काढलं, म्हणाले. ती 'बरं' म्हणून भाकरी थापायला बसली.

येत्या रविवारी परभणीत माझं प्रदर्शन आहे. मावशी समोर बसणार, कुणीतरी तेच विचारणार. पुन्हा तेच सांगू? परवा सकाळी पेडगावला गेले. तिच्याकडं न बघताच सगळं सांगून टाकलं.

 ती म्हणाली, "ठाऊक व्हतं मला. माझा डावा पाय आखूड हाय. ते चित्र बी तिकडंच झुलायलंय की. तू न्हाई म्हनलीस, तवा वाटलं, हिला आपलं नाव सांगायची लाज वाटायलीय."

लाज? लाज नव्हती. मग काय होतं? हाव होती. ती लाजेपेक्षा बरी, असं मी म्हणणार नाही.

फिल्मची पाटी काल नव्यानं रंगवली. फिल्म कमलबाईंची, रंग माझे. फिल्म दाखवणाऱ्या पुण्याच्या मंडळींना पत्र लिहिलंय. रविवारी फिल्म लावायच्या आधी उभी राहून मीच सांगणार आहे.

परवा निघताना मावशीनं माझा कॅमेरा मागून घेतला. काय काढायचंय ते बोलली नाही. मावसभाऊ सांगतो, काल आणि आज सकाळी तो घेऊनच ती शेतात गेली, आणि लय खुशीत आहे.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही.