सुटायला हवा असा सांधा

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील सुतार. बी.ई. होऊन सौदीत राबिघच्या रिफायनरीत मेंटेनन्सला लागलो, तेव्हा रंध्याला पुन्हा हात लावायचा नाही, हे मनाशी पक्कं होतं.

शेजारी एक वयस्क इटालियन इंजिनीअर राहतात. त्यांच्याकडे आजोबांपासून आलेलं, दोनशे वर्षांपूर्वीचं व्हायोलिन आहे. ते बनवणाऱ्या घराण्यात बाप, मुलगा, नातू एकाच बाकावर काम करत. मुलांनी केलेल्या वाद्यांतही आत चिकटवलेली चिठ्ठी बापाच्याच नावाची. एका शुक्रवारी व्हायोलिन खरखरायला लागलं. एसीच्या कोरड्या हवेत वरची फळी कडेला बोटभर सुटली होती. आणि दुरुस्त करणारा इथे कोणी नाही.

मी ऐटीत म्हणालो, "इपॉक्सी आणतो. जन्मात सुटणार नाही."

त्यांनी व्हायोलिन छातीशी धरलं. "मग लाकूड आकसलं की फळीच फाटेल! लाकडाआधी सांधा सुटावा, म्हणून ते लोक मुद्दाम हलका गोंद लावत."

मी ओशाळलो. वडिलांना व्हिडिओ कॉल लावून सगळं सांगितलं.

"म्हातारा बरोबर बोलतोय," वडील म्हणाले. "इंजिनेर झालास आणि एवढं विसरलास? सरस लाव, पातळ."

"इथे कुठला सरस, बाबा?"

इटालियन म्हणाले, जिलेटिन चालेल, तेही चामड्या-हाडांचंच. सुपरमार्केटमधून पाकीट आणलं. वर ठळक 'हलाल'.

"म्हणजे गुराचं. बेस!" वडील खूश. "फक्त चाटू नकोस."

ते सांगत गेले तसं पाणी उकळू न देता जिलेटिन विरघळवलं. इटालियन गृहस्थांचा हात स्वतःच्या व्हायोलिनवर चालेना. त्यांनी ते माझ्या हाती दिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. ब्रशनं फटीत सरस सारला, दाबून फर्स्ट-एडच्या पट्टीनं बांधलं.

दुसऱ्या संध्याकाळी पट्टी सोडली. ते वाजवू लागले; खरखर नव्हती. मी फोन समोर धरला, वडिलांनी ऐकावं म्हणून.

"वाजवणं राहू दे," वडील म्हणाले. "सांधा दाखव."

त्यांनी चष्मा चढवला आणि फोन डोळ्यांजवळ नेला.

"डाव्या टोकाला सरस बाहेर आलाय. ओलसर फडक्यानं पूस."

मी पुसला.