पहिल्या शिफ्टचा समुद्र

डायलिसिसच्या खोलीत किस्से साचतात, कारण तिथून कुणाला उठून जाता येत नाही. बाहेर एखादा पकवायला लागला की लोक फोन आल्याचं नाटक करतात, गॅसवर दूध ठेवलंय म्हणून पळतात. आमच्या हातात दोन-दोन सुया, अंगातलं रक्त नळीतून मशीनमध्ये फिरतंय, ते चार तास फिरणार. पळणार कुठं? समोरचा सांगेल ते ऐकायचं आणि आपली पाळी आली की वचपा काढायचा!

सदाशिव पेठेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर, मंगळवार-गुरुवार-शनिवार, सकाळची पहिली शिफ्ट. ही आमची. मी मंगल. उभा जन्म स्टेशनरीचं दुकान चालवलं. गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणण्यात माझा हात धरणारं पेठेत कुणी नव्हतं. शेजारच्या बेडवर वानखडे सर. यवतमाळकडचे, शाळेत भूगोल शिकवायचे, रिटायर होऊन शहराबाहेर मांजरीला मुलाच्या फ्लॅटवर आले. पलीकडे निखिल. कात्रजहून येतो, आयटीत आहे, लॅपटॉप मांडीवर घेऊन एका हाताने मीटिंग करतो. आणि आम्हा सगळ्यांवर राज्य करणारी टेक्निशियन रेश्मा. ती आधी वजन करते, आणि कुणी नेमून दिलेल्यापेक्षा चोरून जास्त पाणी प्यायलं असेल तर काट्यावरच सगळ्यांदेखत झाडते.

सरांच्या मिसेस, त्यांना मी वहिनी म्हणते, पूर्ण वेळ बाहेरच्या बाकावर बसतात. दार बहुतेक उघडंच असतं. आमचं त्यांना ऐकू जातं, पण त्या फारशा बोलत नाहीत.

सर रिसॉर्टचा टाइमशेअर घ्यायला निघाले, तेव्हाचे हे सगळे किस्से.

*

सुरुवात मॉलमध्ये झाली. तिथे कुणीतरी सरांकडून कूपन भरून घेतलं आणि मग फोन आला, अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय, रविवारी पती-पत्नी दोघंही अमुक हॉटेलात या!

ही मंडळी काय करतात ठाऊक आहे ना? बसवतात. एक जण बोलून दमला की त्याचा मॅनेजर, तो दमला की त्याच्या वरचा. उठू म्हणून देत नाहीत. शेवटी माणूस कंटाळून सही करतो आणि सुटतो.

पण सर कंटाळतील कसे? "मंगलताई, काय सांगू तुम्हाला," मंगळवारी मशीनला लागल्या लागल्या ते म्हणाले, "मऊ खुर्ची, एसी, समोर पडद्यावर समुद्र, आणि हाताला सुई नाही! मी म्हटलं, अजून सांगा ना जी!"

तिसरा मॅनेजर म्हणे शेवटी हात जोडून म्हणाला, "सर, तुम्हाला घरी नाही का जायचं?"

*

दमले ते लोक, पण जाळ्यात सापडले सरच. दर शिफ्टला ते चकचकीत पुस्तक घेऊन यायला लागले. दापोलीच्या पुढे कुठेतरी समुद्राला लागून रिसॉर्ट होणार. पैसे आत्ता भरायचे, मग दरवर्षी एक आठवडा खोली आपली, पंचवीस वर्षं. अजून वीटसुद्धा रचलेली नाही, म्हणून स्वस्त. तयार व्हायला तीन वर्षं.

मी विचारलं, "सर, एवढं काय आहे हो त्या समुद्रात? तुम्ही बघितला असेलच की!"

"एकदा बघितला. शाळेची सहल घेऊन गेलो होतो."

"मग?"

"मग काय? मुलं मोजत होतो."

तीस वर्षं हा माणूस फळ्यावर खडूच्या एका रेघेत कोकणचा किनारा काढायचा. वर्ग टाळ्या वाजवायचा म्हणे. आणि प्रत्यक्ष किनाऱ्यावर गेला तेव्हा समुद्राकडे पाठ करून उभा! मी आपली रेश्माला हाक मारली आणि उगाच पांघरूण मागितलं.

*

एका शनिवारी त्यांचा सेल्समनच आला. रोहन नाव. टाय, चकचकीत बूट, काखेत लॅपटॉप. सर फोनवर म्हणाले होते, "शनिवारी सकाळी मी चार तास मोकळाच असतो." तो बिचारा घर समजून पत्ता विचारत आला!

रेश्माने मास्क लावून त्याला आत सोडलं. म्हणाली, "पाच मिनिटं. आणि कुठल्याही नळीला हात लावायचा नाही."

रोहनने खोलीभर नजर फिरवली. लाल नळ्या बघितल्या. त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो सरांच्या पायाशी मटकन खालीच बसला. रेश्माने त्याला पाणी दिलं, बिस्कीट दिलं. ते पूर्ण ग्लासभर पाणी आम्ही सगळ्यांनी फार बारकाईने बघितलं.

पण गडी चिवट. सावरला आणि सुरू झाला. "सर, रिसॉर्टवर पोचल्या पोचल्या वेलकम ड्रिंक, ताजं शहाळं!"

निखिल खुसुखुसु हसायला लागला. शहाळं म्हणजे आमच्यासाठी विषच की हो! त्यातल्या पोटॅशियमने आमचं हृदय बंद पडेल. रोहनला कळेना काय झालं. तो पुढे गेला, "अनलिमिटेड बफे! पापलेट, सोलकढी, पापड, लोणचं…" एकेका पदार्थाला रेश्मा मान हलवून 'नाही, नाही' करत होती.

मग आम्ही प्रश्न विचारले. मी विचारलं, तिथून डायलिसिसचं मशीन किती लांब? निखिलने विचारलं, वीज गेली तर बॅकअप किती वेळाचा? कोपऱ्यातल्या बेडवरच्या आजी विचारत होत्या, लिफ्ट आहे का. स्विमिंग पूलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

रोहनने लॅपटॉप हळूच मिटला. "हे मला कुणीच कधी विचारलं नव्हतं," म्हणाला. खरं सांगते, त्या क्षणी तो मला आवडला.

*

पण लगेच त्याने घोळ घातला. निघताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि सर, तीन वर्षं काय, अशी जातील!" आणि चुटकी वाजवली.

आमच्या खोलीत 'शनिवारी भेटू' याच्यापुढचं कुणी बोलत नाही. कुणी ठरवलेलं नाही, आपसूक झालंय. निखिलचं नाव किडनीच्या यादीत आहे, तो तरी 'नंबर लागला की बघू' असं म्हणतो. सरांचं हृदय अशक्त, त्यांना किडनी बसवताच येणार नाही. हे सरांना माहीत, वहिनींना माहीत, आम्हाला माहीत. आणि हा चुटकी वाजवतोय!

सर म्हणाले, "तुझी जातील रे बाप्पा."

बाहेर बाकावरून वहिनी उठल्या. एरवी तोंडातून शब्द न काढणारी बाई, थेट दारात येऊन उभी राहिली. "तुमी जा आता," त्या रोहनला म्हणाल्या. "पुन्हा इथं याचं नाई. काहून आले तुमी?"

तो गेला. वहिनी पदराने डोळे पुसत पुन्हा बाकावर बसल्या. मला उठून त्यांच्याजवळ जायचं होतं. पण हातात सुया.

*

निखिलला राहवेना. त्याच्या भावाची गाडी आहे. आम्हाला शनिवार ते मंगळवार एवढीच काय ती सलग मोकळीक. तर रविवारी पहाटे दोघं भाऊ निघाले आणि ती जागा बघून आले.

मंगळवारी त्याने रिपोर्ट दिला. "काका, तिथं काहीही नाहीये. लिटरली काही नाही! एक बोर्ड, चार खुंट्या, त्यांना बांधलेली सुतळी आणि आत शेळ्या चरतायत. रस्ता पण नीट नाही. ऑफिस नाही, वॉचमन नाही."

सर शांतपणे ऐकत होते. "समुद्र आहे?"

"अं?"

"समुद्र आहे ना तिथं?"

निखिल म्हणाला, "हो काका. समुद्र आहे."

"मग झालं तर!" असं म्हणून सरांनी डोळे मिटले.

निखिलने माझ्याकडे बघितलं. पोराला वाटलं होतं, शेळ्यांचं ऐकून तरी काका नाद सोडतील.

*

शेवटी मी मैदानात उतरले. दुकानदार बाई मी, मला राहवतंय होय?

"हे बघा सर, स्पष्ट बोलते, राग मानू नका. जो माल तयार नाही तो मी आयुष्यात कधी घेतला नाही आणि कधी विकला नाही. आणि आपल्या अवस्थेत तीन वर्षांनंतरची वस्तू घ्यायची? पंचवीस वर्षांसाठी? अहो, जरा विचार करा!"

बोलले खरी, आणि माझी मलाच लाज वाटली. पण बाण सुटला होता.

सर मुळीच चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमच्या दुकानात पुढच्या वर्षाची कॅलेंडरं कधी यायची?"

"दिवाळीच्या आधीच."

"खपायची?"

"खपायची म्हणजे काय! नोव्हेंबरात एक शिल्लक राहत नसे."

"मग गिऱ्हाईकाला विचारत होता का, की पुढचं वर्षभर आहात ना म्हणून?"

इतक्या वर्षांत मला गप्प करणारा हा पहिलाच माणूस. रेश्मा माझं बीपी बघायला आली आणि म्हणाली, "मावशी, काय झालं? एकदम वाढलंय!"

*

एवढं बोलूनही शेवटी सरांनी नाहीच म्हणायचं ठरवलं. एका गुरुवारी आमच्यासमोर रोहनला फोन लावला आणि सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर हळू आवाजात मला म्हणाले, "माझं काही नाही हो. पण मी गेल्यावर ही एकटी बाई त्या खुंट्या-सुतळ्यांच्या मागं चकरा मारत बसेल. ते नको." बाहेर बाकावर वहिनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला मात्र फार वाईट वाटलं. मीच नको म्हणत होते, आणि आता नको झाल्यावर माझाच जीव तुटत होता.

तर शनिवारी रोहन हजर! वहिनींनी घालवून दिलेलं असतानाही. टाय नाही, लॅपटॉप नाही, धापा टाकत जिना चढून आला. दारातूनच म्हणाला, "सर, ऐका! तिथूनच जवळ एक रिसॉर्ट आहे, चालू आहे, बांधून तयार! एका फॅमिलीला त्यांचा आठवडा विकायचाय. तेवढ्याच पैशांत मिळतोय. खोलीतून समुद्र दिसतो, मी काल जाऊन बघून आलो. आणि अर्ध्या तासावर हॉस्पिटल आहे, तिथे डायलिसिसची दोन मशीन आहेत. मी मशीनला लागणारं पाणीसुद्धा विचारून आलो सर, फिल्टर केलेलंच वापरतात! लिफ्ट आहे. जनरेटर आहे. तुम्ही पुढच्या महिन्यात जाऊ शकता!"

काय सांगू! कोपऱ्यातल्या आजी 'देवा रे' म्हणाल्या. निखिलने मोकळ्या हाताने बेडचा दांडा बडवला. रेश्मा डोळे पुसत मशीनकडे वळली. आणि सरांचा चेहरा, तो तर बघण्यासारखा होता. मोठ्या सुट्टीची घंटा व्हावी तसा! "पुढच्या महिन्यात?" त्यांनी दोनदा विचारलं.

"हो सर. फक्त एकदा मॅडमना विचारतो," असं म्हणून रोहन बाहेर गेला. दार उघडंच होतं. तो वहिनींसमोर खाली उकिडवा बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. खोली, मशीन, पाणी, लिफ्ट. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं.

मग त्यांनी विचारलं, "आन ते दुसरं? ज्याचं बांधकाम नाई झालं ते?"

"ते सोडा काकू. त्याला अजून तीन वर्षं लागतील."

"नक्की तीन?"

"कमी तर नक्कीच नाही."

वहिनींनी आत सरांकडे बघितलं. मग रोहनला म्हणाल्या, "समुद्र त काय, आमी रविवारी बी पायून येऊ जी. आमाले ते तीन वर्सावालंच द्या."

रोहन उठला आणि वळून आमच्याकडे बघायला लागला. निखिल काहीतरी बोलणार होता, मी त्याला हातानेच थांबवलं.

सरांनी एकदा आढ्याकडे बघितलं, घसा साफ केला आणि वर्गात यायचा तसा खणखणीत आवाज काढला, "अरे, उभा काय राहिलास? ऐकलंस ना त्या काय म्हणाल्या? पेन आण!"