आमच्या गल्लीची शुद्ध हवा

सोलापुरातली आमची गल्ली एकेकाळी, आठवडाभर का होईना, जगातल्या सर्वांत शुद्ध हवेची जागा होती. ती हवा मी स्वतः मोजली होती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि प्रकल्प पुरा केल्याशिवाय सर परीक्षेला बसू देणार नव्हते. विषय मिळाला घरातल्या हवेतली धूळ आणि जंतू. पद्धत सोपी होती. चायना ग्रासची वडी असते तसा पदार्थ काचेच्या बशीत ओतायचा, बशी कुणाच्या तरी घरात अर्धा तास उघडी ठेवायची, मग झाकण लावून कॉलेजच्या उबदार कपाटात. धुळीबरोबर जो जंतू बशीत पडेल त्याचा दोन दिवसांत ठिपका उगवतो. ठिपके मोजा आणि पास व्हा!

आमच्या गल्लीत घरोघरी माग. सुताचे तंतू हवेत इतके, की आमटीवर साय धरायची (आम्ही ती बोटाने बाजूला सारून जेवायचो). त्यामुळे आमच्या आणि शेजारपाजारच्या घरांत बशा ठेवताना ठिपक्यांची मला काळजी नव्हती.

दोन दिवसांनी सरांनी कपाट उघडलं. एकाही बशीत ठिपका नाही! सरांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "दिगंबर, हे मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही."

सुताला लावायच्या खळीच्या वासाने जंतू मरत असावेत, असा त्यांनी तर्क बांधला. आठवडाभर ते मला 'अहो' म्हणत होते. मीही गल्लीत छाती भरभरून श्वास घेत हिंडत होतो. शेवटी न राहवून हा शोध आईला सांगितला. ती भाकरी थापत होती.

"जंतू कशाला पडतील? मी ताटली झाकली होती की त्याच्यावर," ती म्हणाली.

"झाकली? का?" मी ओरडलोच.

"खायचं असं उघडं टाकून कोण जातं रे? तू पाठ फिरवलीस की झाकलं, तू येताना दिसलास की ताटली काढली. नरसम्माक्काला बी सांगितलं."

नरसम्माक्का म्हणजे शेजारच्या विणकर घरातली बाई. तिला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. सगळ्या बशा पाठोपाठ झाकल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा 'अरे'वर आले. आठवड्यात खरे ठिपके आण, नाहीतर परीक्षा पुढच्या वर्षी, एवढंच म्हणाले.

या वेळी बायकांना नीट समजावून सांगायचं ठरवलं. कॉलेजच्या व्हरांड्यात ठेवलेली एक बशी झाकणासकट आणली आणि आमच्या ओट्यावर सगळ्यांना दाखवली. पिवळे टिकलीएवढे ठिपके, गुलाबी थेंब, मधोमध हिरव्या मखमलीचं वर्तुळ, कडेला काळी लव. नुसत्या हवेतून उतरलेलं हे सगळं! मी रोज बघणारा, पण त्या बायका अशा काही वाकून बघू लागल्या, की मलाही ते पहिल्यांदाच बघतोय असं वाटलं. आईने पदर नाकाला लावला, पण नजर हलेना.

"एवढं सगळं हितं हाय? आन् डोळ्याला दिसत न्हाय?" ती म्हणाली.

नरसम्माक्काने हात जोडले. नंतर मात्र तिने विचारलं, की तिच्या घरच्या बशीत गुलाबी जास्त येईल का. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकायला हवी होती.

दुसऱ्या खेपेला कुणीही बशी झाकली नाही. मी बशा ठेवून गल्लीच्या तोंडाशी चहा प्यायला गेलो. परत येतो तर नरसम्माक्का बशीवर चादर झटकतेय, पलीकडे पायपुसणं आपटणं चाललंय आणि माझी आई, माझी सख्खी आई, बशीवर केरसुणी उपडी धरून उभी! शेजारणीपेक्षा आपली बशी फिकी दिसता कामा नये ना! कपाटात बशा नुसत्या उतू गेल्या. सर म्हणाले, "ही हवा नव्हे, हा उकिरडा आहे. एकही धरता येणार नाही."

माझं वर्ष गेलं, असं समजून मी बशा आवरायला लागलो. तेवढ्यात मागे राहिलेली एक बशी सरांनी उचलली. तिच्यात प्रत्येक ठिपका सुटा, स्वच्छ, मोजण्याजोगा. रंग तर एवढे, की सरांनी पुन्हा चष्मा पुसला. एक बशी उरली म्हणून मी ती माझ्या टेबलावर ठेवली होती. आमच्या घरात दंडक होता, माझ्या अभ्यासाच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. म्हणून तिथे झाकायला कुणी गेलं नाही, झटकायलाही नाही. अख्ख्या गल्लीत तेवढीच बशी खरी निघाली आणि तिच्या जोरावर मी परीक्षेला बसलो.

बशी घरी आणली. आई तिच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. हात जोडावेत की नाक दाबावं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"दिगू, कुटली रे ही?"

"माझ्या टेबलावरची."

आईने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कोपऱ्यातली केरसुणी आणून शांतपणे माझ्या हातात दिली.