आपल्या बाळाचा डोस राहिला आहे

लहान मुलांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. आजारांची नोंद फाईलमध्ये होते, माणसांची होत नाही. ती आपल्याच डोक्यात साठत जाते. टिळकवाडीतल्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं बसते आहे. आमच्या डॉक्टर मॅडम कमी बोलतात. ती कसर नर्स शांताक्का भरून काढतात. आम्ही तिघींनी फ्लूच्या लसीचे रिमाइंडर सुरू केले, तेव्हापासून तर माझ्याकडचा साठा फारच वाढला.

फ्लूचा डोस दरवर्षी घ्यायचा असतो, आणि लहान मूल पहिल्यांदाच घेत असेल तर महिन्याच्या अंतरानं दोन. लोक पहिला घ्यायचे, दुसरा विसरायचे. मग पावसाळ्यात तीच मुलं तापानं फणफणून आमच्या बाकावर. मॅडम एकदा म्हणाल्या, "आईबापांना विसरायला शंभर कारणं आहेत. आठवण आपण करायची."

पहिला मेसेज आम्ही इंग्लिशमध्ये पाठवला. चांगला होता, मॅडमनी स्वतः लिहिला होता. आठवडाभर कुणी फिरकलं नाही. मग अनगोळचे एक गृहस्थ मुलाचा खोकला दाखवायला आले आणि माझ्या टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, तुमच्या दवाखान्याच्या नावानं कोणतरी फसवायलंय. इंग्लिश मेसेज आलता. मी काय दाबलो न्हाय. गल्लीच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांना सांगिटलो, हा नंबर ब्लॉक करा म्हणून."

सगळ्यांनी केलाही होता. मी कपाळाला हात लावला. मॅडम मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "म्हणजे मेसेज पोचतात तर."

मग आम्ही मराठी आणि कन्नड असे दोन मेसेज तयार केले. कुणाला कुठला पाठवायचा ते मी आडनावावरून ठरवलं, आणि ती माझी चूक झाली. इकडं सीमाभागात आडनावावरून भाषा कळत नाही. एका आप्पांच्या घरी कन्नड मेसेज गेला. आप्पांनी सगळी उमर मराठीसाठी मोर्चे काढलेले. दुसऱ्या दिवशी ते सून आणि नातवासकट माझ्यासमोर उभे. सून सासऱ्यांना सारखी म्हणत होती, "मामा, कन्नड आपल्याला वाचायला येतंय की." पण आप्पांना ते ऐकायचंच नव्हतं. हा प्रश्न वाचता येण्याचा नव्हता.

त्यांचं बोलणं चालू असताना शांताक्कांनी सुनेला खुणेनं आत बोलावलं. मॅडमनी बाळाला तपासलं, कार्ड पाहिलं, सुनेला विचारलं आणि डोस दिला. आप्पा माझी चूक मला नीट समजावून थांबले, तोवर नातू दंडावर पट्टी लावून बाहेर आलता. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दुसऱ्या डोसाचं मराठीत पाठवा," म्हणाले.

आम्ही पाठवलं. डोसाच्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी आप्पा नातवाला घेऊन पायरीवर बसले होते.

खेड्यातून मात्र मेसेजला उत्तर यायचं नाही. शांताक्का स्वतः सांबरा गावच्या. त्यांनी माझी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "तू समदे फोन सुनांना लावायलीस. सासूला लाव गं." मला पटलं नाही, पण लावला. एका आजींनी फोन उचलला आणि मला दहा मिनिटं झापलं. दोन वर्षं सुनेला मेसेज करताय, घरात मी मोठी असून मला कुणी विचारलं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी माफी मागितली आणि डोस कशासाठी, ते सगळं सांगितलं. चार दिवसांनी दवाखान्यासमोर एक टमटम थांबली. आजी पुढं बसलेल्या, मागं भावकीतली सात मुलं आणि त्यांच्या आया. आजी उतरल्या आणि मला म्हणाल्या, "ह्यो एक रडंल, त्येला शेवटी घ्या. त्यो रडला की बाकीची भितात."

बरोबर उलटं झालं. तो एकटाच हसत बाहेर आला.

एक किस्सा मी सहसा सांगत नाही, पण तो सोडला तर बाकीचे खोटे वाटतील. आमची यादी फाईलींवरून बनते. माझी मुलगी सायली तेव्हा सहा वर्षांची, दवाखान्यातच वाढलेली. तिला काही झालं की मॅडम येता-जाता तपासायच्या. तिची फाईल कधी झालीच नाही, त्यामुळं तिचं नाव यादीत नव्हतं. मी रोज लोकांच्या मुलांसाठी फोन लावत होते आणि माझ्या लक्षात आलं नाही.

त्या पावसाळ्यात तिच्या वर्गात फ्लूचा ताप पसरला, तिलाही आला. तिसऱ्या दिवशी तिला श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, तेव्हा मॅडमनी तिला ॲडमिट करायला लावलं. मॅडम म्हणाल्या, डोस घेऊनही कधी ताप येतो, मनाला लावून घेऊ नकोस. शांताक्का, एरवी गप्प न बसणाऱ्या, डब्यातून पेज आणायच्या आणि न बोलता माझ्यासमोर ठेवायच्या. पाचव्या दिवशी सायलीनं पेज नको, डोसा पाहिजे म्हणून हट्ट केला, तेव्हा मी पहिल्यांदा रडले.

कामावर आल्यावर सगळ्यात आधी तिची फाईल केली. पुढच्या वर्षी मी सगळ्यांना मेसेज पाठवला आणि टेबलावरचा माझाच फोन वाजला. पाठवणारी मीच, तरी तो मी दोनदा वाचला. संध्याकाळी सायलीचा डोस झाला.

आता निपाणीचा किस्सा. एका कुटुंबानं नंबर बदलला आणि आम्हाला कळवायचं राहिलं. तो नंबर निपाणीतल्या एका टेम्पो ड्रायव्हरकडं गेला. लग्न न झालेला पोरगा. एका रविवारी त्याच्या घरी मुलीकडची माणसं मुलीलाही घेऊन आलती. मुलीचे मामा त्याच्या फोनवर नव्या टेम्पोचे फोटो बघत होते. तेवढ्यात वर आमचा मेसेज आला : आपल्या बाळाचा फ्लूचा दुसरा डोस राहिला आहे.

त्यानं सगळ्यांसमोर फोन स्पीकरवर टाकून मला लावला. रविवारी मी घरीच होते, पण दवाखान्याचा फोन माझ्याकडंच असतो. "आक्का, तुमी कोण बोलायलासा? हितं मुलीकडची माणसं बसल्यात, मला बाळ न्हाय एवढं जरा त्येंना सांगा." मी सगळं सांगितलं : नंबर आधी कुणाचा होता, चूक कशी झाली. पलीकडं कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, एका माणसाचं ठरत आलेलं लग्न मी मोडलं. मग एका मुलीचा आवाज आला. तिनं विचारलं, "दुसरा डोस किती दिवसांनी घ्यायचा असतोय? माझ्या बहिणीच्या पोराचा राहिलाय."

मी म्हटलं, महिन्यानं. उशीर झाला असला तरी घ्या, निपाणीतल्या डॉक्टरांना विचारा. तिनं थँक्यू म्हटलं आणि फोन बंद झाला. तो नंबर मी तिथल्या तिथं यादीतून काढला.

ह्या गोष्टीला दोन वर्षं झाली असतील. गेल्या महिन्यात त्याच नंबरवरून फोन आला.

"आक्का, मी निपाणीस्नं बोलायलोय. त्यो नंबर तुमी काढलासा न्हवं?"

"व्हय, तेव्हाच काढला."

"आता परत घाला."

मी वही ओढली. "नाव काय लिहू?"

"थांबा," तो म्हणाला. आत कुणालातरी विचारून आला. "बारसं रविवारी हाय. सोमवारी सांगितलं तर चालंल?"