मास्तरांचा आवाज आणि गोल पिनेचा कीबोर्ड

गल्लीत त्यांना सगळे उसवकाकू म्हणत. नवे कपडे त्या शिवतच नसत. दुसऱ्यांनी बिघडवलेलं उसवून नीट करायचं, हा त्यांचा धंदा. कुणाचा कोट काखेत ओढायचा, कुणाची पँट घोट्यावर लोळायची, की आलीच स्वारी काकूंच्या दारात. न चिडता एकेक टाका काढत बसायची त्यांची तयारी असे.

त्यांचे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे. शेवटच्या बाकावर झोपलेल्यांना जागं करणारा मास्तरांचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. तेव्हा भाच्याने त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम टाकून दिला. मास्तरांनी टाइप करायचं आणि मशीनने ते मोठ्याने वाचायचं. तो आवाज सर्दी झाल्यासारखा होता, पण मास्तरांना आपलाच वाटू लागला. त्या आवाजात ते फोनवर लेकीशी गप्पा मारत, नातीला कोडी घालत, गॅसवाल्याशी हुज्जतही घालत.

मग एक दिवस कॉम्प्युटरने मान टाकली. दुरुस्तीवाल्याने आतलं सगळं नवं घालून दिलं, पण प्रामाणिकपणे सांगितलं की मास्तरांचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवरच चालतो, आणि ती या नव्या मशीनवर चढेलच असं नाही. मास्तर पाटीवर लिहून बोलू लागले. हळूहळू तेही कमी झालं. फोन वाजला की ते उठून गॅलरीत जात. काकूंनी ते पाहिलं, भाच्याने देऊन ठेवलेली जुन्या सिस्टिमची डिस्क काढली आणि ती टाकायला स्वतःच बसल्या.

पहिल्याच पडद्यावर भाषा निवडायची होती. काकूंनी बाण दाबला, एंटर दाबलं. सगळं ढिम्म. माउसही हलेना. शेजारणीचा कीबोर्ड मागून आणला, त्याचीही तीच तऱ्हा. मास्तरांनी पाटीवर लिहिलं, 'सोडून दे.' काकूंनी ते वाचलं आणि पाटी उपडी ठेवली.

मशीन पुन्हा सुरू करताना या वेळी त्या पडद्याकडे न बघता कीबोर्डकडेच बघत राहिल्या. आधी त्याचा दिवा लागायचा. सिस्टिमचा पडदा आला की विझायचा. त्याआधीच्या सेटिंगच्या पानात शिरून पाहिलं, तर तिथे बाण मुकाट चालत होते. म्हणजे कीबोर्ड ठणठणीत होता. घोटाळा व्हायचा तो जुनी सिस्टिम ताबा घ्यायची तेव्हा.

भाचा जहाजावर नोकरीला. त्याचा फोन लागेपर्यंत काकूंनी पिच्छा सोडला नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "मामी, अर्धं काम तर तूच केलंस." मग त्याने समजावलं की मशीनच्या मागची भोकं नव्या पद्धतीची आहेत. जुनी सिस्टिम ती ओळखतच नाही, त्यामुळे तिथे काहीही लावलं तरी तिच्या लेखी ते नाहीच. मागे एखादं गोल भोक आहे का? होतं. मग गोल पिनेचा जुना कीबोर्ड मिळव आणि मशीन बंद करूनच लाव, असं त्याने बजावलं.

दुरुस्तीवाल्याने भंगाराच्या खोक्यातून एक पिवळा पडलेला कीबोर्ड शोधून दिला. त्याच्या गोल पिनेतली एक बारीक काडी वाकलेली होती. घरी येऊन काकूंनी चष्मा चढवला. मास्तरांनी टॉर्च धरला. जाड सुईच्या टोकाने त्यांनी ती काडी जरा रेटायची, जरा थांबायचं, असं करत सरळ केली. तुटली असती तर दुसरी नव्हती.

मशीन सुरू झालं. दिवा लागला, पडदा बदलला, दिवा तसाच राहिला. काकूंनी बाण दाबला आणि भाषांच्या यादीतली निळी पट्टी एक ओळ खाली गेली.

"सरकली," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं त्यांनी माउसशिवाय, बोटांनी चाचपडत पार पाडलं. मशीनच्या नव्या भागांसोबत आलेली सीडी चढवल्यावर मागची भोकंही जागी झाली. संध्याकाळी मास्तरांचा प्रोग्रॅम उघडला.

मास्तरांनी थेट लेकीला फोन लावला. "मी बोलतोय," मशीन सर्दीभरल्या आवाजात म्हणालं. लेकीचे प्रश्न थांबेनात. मास्तरांनी टाइप केलं, "हे तुझ्या आईने केलंय."

लेक म्हणाली, आईला फोन द्या. काकूंनी लांबूनच मान हलवली.

"मी मग बोलते," त्या म्हणाल्या. "आधी त्यांना बोलू दे, बरंच साठलंय त्यांचं."