तू ठरवशील ते

चष्म्याच्या दुकानात फ्रेम दाखवण्याच्या काउंटरवर तिची निम्मी हयात गेली होती. सगळे तिला ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेले मालकसुद्धा. माणूस आरशासमोर बसला की पुढे काय होणार, हे तिला तोंडपाठ होतं. दोन-तीन फ्रेम पुढे ठेवल्या तर गिऱ्हाईक त्यातली एक उचलतं. ढीग ठेवला तर "घरच्यांना घेऊन येतो" म्हणतं आणि पुन्हा फिरकत नाही. एखादी फ्रेम खपवायची असेल तर तिच्याशेजारी तशीच, पण जराशी बेढब ठेवायची. घेणाऱ्याला वाटतं, आपणच निवडली. यात फसवणूक आहे असं तिला कधी वाटलं नाही. आरशासमोर लोक इतके केविलवाणे होतात, की कोणी हळूच ढकललं तर त्यांना बरंच वाटतं.

ढकलून ढकलून संध्याकाळपर्यंत तिच्या डोक्याचा भुगा व्हायचा. घरी नवऱ्याने "भाजी कोणती आणू?" एवढं विचारलं तरी ती खेकसायची, "काहीही आण, पण मला विचारू नकोस." नवरा सोशिक. तो रोज कोबी आणू लागला.

अशात आईच्या हृदयाची झडप निकामी होत चालल्याचं निघालं. आई तिच्याकडेच राहायची, त्यामुळे डॉक्टरांसमोर तीच बसली.

"ऑपरेशन केलं तर चांगली वर्षं मिळतील, किंवा या वयात टेबलावरच काही होईल," डॉक्टर म्हणाले. "नाही केलं तर औषधांवर जमेल तितकं. घरचे मिळून ठरवा."

"तुमची आई असती तर?"

"माझ्या आईच्या वेळी माझ्या बहिणीने ठरवलं," ते म्हणाले.

परगावच्या भावाला फोन केला. "तू जवळ आहेस, तुला जास्त कळतं. तू ठरवशील ते मला मान्य," तो म्हणाला. धाकटी बहीण म्हणाली, "मला नको गं विचारू, माझं बीपी वाढतं." दोघांनी अगदी प्रेमाने अंग काढून घेतलं.

मग ती एकटीच घोळवत बसली. सकाळी अंघोळ करून बाहेर पडताना वाटायचं, ऑपरेशन करून टाकावं. संध्याकाळी पाय ओढत परतताना वाटायचं, कशाला म्हातारीच्या जिवाशी खेळ. बरेच दिवस असं चालल्यावर तिच्या ध्यानात आलं, की यात आईचा विचार थोडाच आहे. झोप झालेली असली की ती धीट होते, दमलेली असली की सोडून देते, एवढंच. शेवटी एका सकाळी तिने ऑपरेशन मनाशी पक्कं केलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत आईला सांगायला बसली.

आई मटार सोलत होती.

"हे बघ आई," ती म्हणाली, "एक म्हणजे असंच धापा टाकत राहायचं. जिना उतरायचा नाही, कोणाकडे जायचं नाही. दुसरं म्हणजे छोटंसं ऑपरेशन. थोडे दिवस दवाखाना, की मोकळी."

आईने शेंगांवरून नजर वर केली. "बेढब फ्रेम शेजारी ठेवलीस होय?"

दुकानातल्या गमती तिने आजवर आईलाच तर सांगितल्या होत्या. तिला खाली बघावंसं वाटलं.

"इतके दिवस तिघं फोनवर कुजबुजताय," आई म्हणाली. "मला वाटलं, मी गेले की काय."

"तुला त्रास नको म्हणून."

"मला ऑपरेशन नको."

"नीट विचार कर."

"तुमच्या आधीपासून करतेय. मला त्या गुंगीत जायचं नाही. जायचंच तर मला कळायला हवं."

"आणि नंतर वाटलं, करायला हवं होतं, तर?"

"तर मला वाटेल. तुला कशाला वाटायला हवं?"

जड पिशवी हातातून कोणी घेतली तरी बोटं काही वेळ वाकलेलीच राहतात, तसं तिचं झालं. आधी हलकं वाटलं, मग हलकं वाटल्याची लाज वाटली. न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, ती पालथ्या बादलीवर बसून राहिली.

आईने तो हिवाळा काढला, पुढचा उन्हाळाही. शेवटी शेवटी मात्र तिला आडवं होता येईना. एका दुपारी दोन धापांमध्ये ती म्हणाली, "माझं चुकलंच बहुतेक."

"मग आता?"

"आता काय. जरा खिडकीपाशी बसव." दोन आठवड्यांनी ती गेली.

सगळे जमले होते तेव्हा भाऊ म्हणाला, "तेव्हा ऑपरेशन केलं असतं तर..."

"आईने स्वतः नको म्हटलं."

"हो, पण तू तिला सांगितलंस कसं, त्यावरही असतं ना."

आपण तर ऑपरेशनच गोड करून सांगितलं होतं, हे त्याला सांगण्याइतकाही जोर तिच्यात उरला नव्हता.

बहीण आतून आली. "ताई, आईच्या साड्यांचं काय करायचं? तू म्हणशील तसं."

"तुम्ही दोघं ठरवा," ती म्हणाली आणि पलीकडच्या खोलीत जाऊन आडवी झाली. भिंतीपलीकडून कपाटाचं दार करकरल्याचा आवाज आला, मग दोघांची एकमेकांना "तू सांग", "नाही, तू सांग" अशी विनवणी. ती ऐकता ऐकता तिचा डोळा लागला.